पेट्रोलचं दूध झालं तेव्हा

शेख रऊफ, म्हणजे आमचे रऊफ उस्ताद, यांचं नाव आधी लिहून टाकतो. मागाहून लिहीन म्हटलं तर गाडीच्या गप्पांत ते राहून जाईल. आमच्या धंद्यात हे नेहमीचंच आहे. गाडी कोणती होती ते सगळ्यांच्या लक्षात राहतं, ती कुणी उघडली ते कुणी विचारत नाही. हातात पाना कसा धरायचा ते मला उस्तादांनी शिकवलं. अकोल्यात गॅरेजच्या माळ्यावर झोपायला जागा त्यांनी दिली. जुन्या शहरातून, मोर्णा नदीच्या पलीकडून त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या खालांनी, केलेला डबा यायचा, त्यात माझ्या भाकरी न सांगता वाढल्या. आणि एका भर दुपारी माझ्या अंगावर यायचं होतं ते सगळं उस्तादांनी स्वतःच्या अंगावर ओढून घेतलं. संपादक म्हणाले, दिवाळी अंक आहे, गाड्यांच्या धंद्यातल्या गमती लिहा. गंमतच आहे, सांगतो.

मी मूळचा कुडाळकडचा. नववीत मी शाळा सोडली की शाळेनं मला, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. ट्रकवर क्लीनर म्हणून निघालो तो थेट वऱ्हाडात. पातूरच्या घाटात ट्रक बसला. ड्रायव्हर ‘पार्ट घेऊन येतो’ म्हणून गेला, तो बहुधा अजून पार्ट शोधतोय. ट्रक दुरुस्त करायला अकोल्याहून उस्ताद आले. पुढे मालकाने माणूस पाठवून ट्रक नेला. ट्रकबरोबर मलाही न्यायचं त्याला सुचलं नाही. उस्ताद म्हणाले, “चाल बे कोकण्या, इथं काय वाघाची वाट पाहून राहिला का?” तेव्हापासून मी कोकण्या. माझं खरं नाव अकोल्यात फक्त रेशन दुकानदाराला माहीत होतं.

मी जात्याच भित्रा. चाकाचे नट आवळले की पुन्हा आवळून बघायचे, गिऱ्हाईक निघालं की त्याच्यामागे धावत जाऊन हँडब्रेक सोडलाय का विचारायचं, ही माझी रीत. घरापासून इतक्या लांब आलेल्या माणसाला चूक परवडत नाही. गाव जवळ असलं की माणूस रागावून तरी घरी जाऊ शकतो. बाकीचे मिस्त्री हसायचे. उस्ताद हसायचे नाहीत. “हा भेतो म्हणून मी झोपतो,” एवढंच म्हणायचे.

तो काळ वऱ्हाडात कापसाचा फार वाईट काळ होता. अमरावती-अकोल्याचं नाव रोज पेपरात यायचं आणि चांगल्या कारणासाठी यायचं नाही. मुंबईहून पॅकेज यायचं, दिल्लीहून पॅकेज यायचं. पॅकेज गावात किती पोचलं ते मला माहीत नाही. ते बघायला येणाऱ्या गाड्या मात्र नक्की पोचायच्या, कारण त्यांतल्या बऱ्याच आमच्या शेडमध्ये येऊन बसायच्या. एकदा वैशाखात असंच एक अभ्यास पथक आलं. पथकाच्या गाडीचा एसी गेला होता. साहेब खुर्चीवर बसून रुमालानं वारा घेत म्हणाले, “परिस्थितीचा अभ्यास करायला निघालो होतो, पण या परिस्थितीत अभ्यास करणार कसा?”

उस्तादांनी त्यांना माठातलं पाणी दिलं. “बसा न साहेब. थोडा अभ्यास इथंच होऊन जाईन.”

एसी झाला, साहेब काचा वर करून गेले. पथकाने प्रत्यक्ष पाहणी केली असं पुढे छापून आलं. चूक नाही त्यात. काच स्वच्छ असली की प्रत्यक्षच दिसतं.

लोकांकडे पैसा नसला की नवीन गाड्या घेत नाहीत, जुन्याच दुरुस्त करत राहतात. त्यामुळे त्या वर्षांत आमच्याकडे काम कमी पडलं नाही. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण लपवून तरी काय करू.

आता थोडं धंद्याचं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. पेट्रोल इंजिनमध्ये पेट्रोल आणि हवा दाबली जाते, मग ठिणगी पडते, भडका होतो आणि पिस्टन खाली ढकलला जातो. ठिणगी नेमकी कधी पडायची, याला टायमिंग म्हणतात. पेट्रोल चांगलं असेल तर ते ठिणगीची वाट बघतं. हलकं असेल तर त्याला तेवढा धीर नसतो. नुसत्या दाबानं आणि उष्णतेनं ते आपलं आपणच भलत्या वेळी पेटतं. मग पिस्टनवर हातोडी मारल्यासारखा आवाज येतो. पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा. त्याला आम्ही नॉकिंग म्हणतो. पेट्रोलला किती धीर आहे ते मोजायच्या मापाला ऑक्टेन म्हणतात. आपल्याकडे तेव्हा ते एक्क्याण्णव असायचं, म्हणजे पंपावर. रिक्षात पडेपर्यंत त्यात रॉकेल मिसळून किती उरायचं ते रिक्षावाल्यालाच ठाऊक. अशी गाडी आली की उस्ताद टायमिंग हातानं जरा मागं घ्यायचे. ताकद थोडी कमी, पण इंजिन जिवंत. नव्या गाड्यांत हे सगळं एका छोट्या कॉम्प्युटरमध्ये लिहिलेलं असतं, आणि ते लॅपटॉप लावून बदलायला रिमॅप म्हणतात. नाव मोठं आहे. काम तेच, गाडीला इथलं पाणी पचेल असं करायचं.

तर भाऊसाहेबांच्या मुलानं जपानहून गाडी आणली.

भाऊसाहेबांचं मोठं कृषी केंद्र होतं. बियाणं, खत, फवारणीची औषधं. त्या वाईट काळात जिल्ह्यात चाललेला हाच एक धंदा. कारण पीक जातं ते नंतर. बियाणं त्याच्या आधी विकलेलं असतं. पाऊस लांबला आणि दुबार पेरणी करावी लागली, तर दोनदा विकलेलं असतं. शिवाय त्यांची कापसातून सरकी काढायची जिनिंग फॅक्टरी होती, आणि तिच्याच आवारात, रस्त्याला लागून, आमचं शेड. उस्तादांच्या वडिलांनी जिनिंगची इंजिनं सांभाळली, म्हणून भाऊसाहेबांच्या वडिलांनी ती जागा तोंडी दिली होती. कागद नव्हता. वऱ्हाडात मोठ्या माणसाच्या शब्दापुढे कागद मागणं म्हणजे त्याला खोटारडा म्हणणं.

गाडी बंद ट्रकमधून उतरली तेव्हा अर्धं अकोला बघायला आलं होतं. निळी, बसकी, मागे आडवा पंख लावलेली. कंपनीचं नाव लिहीत नाही, गाडीचा काही दोष नव्हता. ती देशात कोणत्या कागदांवर आली ते मी विचारलं नाही; माझं काम बॉनेटच्या खालचं. चावी फिरवली की आतून एक बाई जपानीत काहीतरी गोड बोलायची. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा भाऊसाहेबांच्या ड्रायव्हरनं हात जोडले. कुणी म्हणालं गाडी नमस्कार करते, कुणी म्हणालं पट्टा लावा म्हणते. जिनिंगचा मुनीम म्हणाला, “बाई म्हणून राहिली, मले वापस न्या.” त्यातल्या त्यात मुनीमच खरा निघाला.

बंटीभाऊ म्हणजे भाऊसाहेबांचा मुलगा. गॉगल लावूनच जन्मला असावा. भाऊसाहेबांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि उस्तादांना म्हणाले, “रऊफ, पोट्ट्यानं हौस केली. आता हे तुह्या हवाली. इंजिनाले काई झालं त ह्या देशात दुसरं इंजिन भेटत नाई म्हणते. तसं झालं त मले शेड खाली करून दे.”

हसत म्हणाले. सगळे हसले. उस्तादही हसले. मला मात्र घाम फुटला, कारण भाऊसाहेब खरं बोलायचं असलं की हसूनच बोलायचे.

मूर्तिजापूर रोडला गाडी पहिल्यांदा पळवली, मी बंटीभाऊंच्या शेजारी. त्यांनी पाय दाबला, इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या टर्बोनं शिट्टी घातली आणि त्या शिट्टीच्या खाली मला खडे ऐकू आले. बारीक, पण नक्की. परत आल्यावर मी मनाची खात्री करून घ्यायला मेडिकलमधून डॉक्टरची कानात घालायची नळी आणली, तिला तांब्याची नळी जोडली आणि तांब्याचं टोक इंजिनच्या अंगावर बोल्टखाली आवळलं. पुन्हा चक्कर मारली. आता खडे नव्हते, अख्खी खाण होती. जपान्यांनी त्या गाडीचं टायमिंग त्यांच्या शंभर ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी लिहिलेलं. आणि ते लिहिणाऱ्यानं अकोल्याचा मे महिना बघितलेला नव्हता.

पुण्याच्या एका वर्कशॉपमध्ये अनघा मॅडम म्हणून इंजिनियर होत्या, हेच काम करायच्या. फोनवर त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “पाय जपून चालवा, आणि शक्यतो चालवूच नका. मी येते.”

मी बंटीभाऊंना सांगितलं. “पुण्याच्या मॅडम येऊन रिमॅप करतील. इथल्या पेट्रोलला सोसेल असं.”

“पावर किती वाढंन?”

“कमी होईल. थोडी.”

बंटीभाऊंनी गॉगल कपाळावर चढवला. “म्हंजे मी पैसे देऊन पावर कमी करू? अबे कोकण्या, लोकं पावर वाढवाले रिमॅप करते.”

“नाही केलं तर पिस्टन फुटेल.”

“तू भेऊन राहिला. तू त हँडब्रेकलेही भेतो.”

मग उस्ताद भाऊसाहेबांकडे गेले, मला बरोबर घेऊन. कृषी केंद्राच्या गादीवर बसून त्यांनी टर्बोचं नाव काढलं नाही, ऑक्टेनचं काढलं नाही.

“भाऊसाहेब, धूळपेरणी माहीत आहे न तुमाले?”

“मले इचारतं? बी मीच इकतो न बे.”

“तुमची गाडी धूळपेरणी करून राहिली. पाणी येईनच म्हणून बी आधीच टाकून देते. जपानात पाणी टायमावर येते. इथं येत नाई. मंग बी जळते.”

भाऊसाहेबांना एका क्षणात कळलं. मला हे समजावायला तांब्याची नळी लागली होती. त्यांनी पान लावता लावता विचार केला आणि म्हणाले, “मंग दुबार पेरू.”

“दुबारले बी तुमच्या गोडाऊनात असते. दुबारले इंजिन कोठून आणसान?”

भाऊसाहेब हसले नाहीत, म्हणजे पटलं होतं. पण तेवढ्यात बंटीभाऊ आत आले आणि त्यांनी तोडगा काढला. गाडी इथल्या पेट्रोलला जुळवायची नाही. पेट्रोलच गाडीला जुळेल असं आणायचं. पुण्यात मोजक्या पंपांवर जास्त ऑक्टेनचं महाग पेट्रोल मिळायचं. कृषी केंद्राचा माल घेऊन येणारा टेम्पो रिकाम्या जागेत ते आणेल. मित्रांना सेमाडोहला न्यायचं होतं, मेळघाटच्या घाटात गाडी दाखवायची होती, आणि त्याआधी ताकद कमी करून घेणं म्हणजे वरात निघायच्या आधी घोडं बदलून गाढव आणणं, असं बंटीभाऊंचं म्हणणं पडलं. भाऊसाहेबांचा मुलापुढे इलाज चालायचा नाही. रिमॅप बारगळलं. मॅडमना नको म्हणून कळवताना मलाच लाज वाटली.

खरं सांगायचं तर तोडगा चुकीचा नव्हता. त्या पेट्रोलवर गाडी बरी चालली असती. पुण्याच्या पंपाने पेट्रोलही चोख दिलं असणार. आता पेट्रोल आलं कशातून ते ऐका.

कृषी केंद्राच्या गोडाऊनमागे फवारणीच्या औषधाची रिकामी पिंपं रचून ठेवलेली असत. निळी, जाड, झाकण घट्ट बसणारी. वऱ्हाडात त्यांना फार मागणी. पाण्याची टंचाई पडली की लोक ती धुऊन घेत आणि त्यांत प्यायचं पाणी भरून ठेवत. मी हे डोळ्यांनी पाहिलंय, आणि कुणाला त्यात वावगं वाटल्याचं पाहिलेलं नाही. मग पिंपात माणसाचं पाणी चालतं तर जपानी गाडीचं पेट्रोल का चालू नये? बंटीभाऊंनी माणसं लावून पिंपं धुऊन घेतली, उन्हात वाळवली आणि टेम्पोत चढवली.

भरून आलेल्या पिंपाचं झाकण मी उघडलं. पेट्रोलचा वास होताच, पण त्याच्या मागून दुसरा एक वास येत होता. कपाशीवर फवारा चालू असताना रस्त्यावरून जावं तेव्हा येतो तो, गोडसर आणि घशाला लागणारा.

“बंटीभाऊ, यात औषध राहिलंय.”

“धुतलं न बे. साबण लावून.”

“थोडं जरी राहिलं असेल तरी…”

“अबे त्या औषधानं अळी मरत नाई, गाडी काय मरते?”

हे मी म्हटलं असतं तर मार खाल्ला असता. औषध विकणाऱ्याच्या मुलानं म्हटलं, म्हणून सगळे हसले. त्या सालात बोंडअळीनं कापूस खाल्ला होता, आणि भाऊसाहेबांकडचं औषध बोगस आहे, असं गावोगाव लोक म्हणत होते. तोंडावर कुणी म्हणत नव्हतं. पुढच्या हंगामात उधारीनं बी त्यांच्याकडूनच न्यायचं असे.

सेमाडोहची सहल मी आयुष्यात विसरणार नाही. बंटीभाऊंनी मला बरोबर घेतलं, न जाणो गाडीला काही लागलं तर. मी नळी कानात घालून पुढच्या सीटवर. मागे दोन मित्र अंग चोरून, आणि त्यामागून एका जीपमध्ये पेट्रोलचं पिंप आणि लाकडी फळ्या. फळ्या कशाला, तर आमच्याकडे प्रत्येक गावानं रस्त्यावर स्वतःच्या मर्जीनं मुरूम टाकून गतिरोधक केलेले. आणि ही गाडी जमिनीपासून चार बोटं. गाव आलं की जीपमधली माणसं उतरायची, गतिरोधकाच्या दोन्ही अंगांना फळ्या लावायची, आणि विमानासारखी पळणारी ती गाडी म्हातारीसारखी त्यावरून चढून उतरायची. एका गावात म्हशी राखणारा एक आजोबा थांबून सगळं बघत होता. त्यानं शांतपणे विचारलं, “बिघडली काय?”

“नाई,” बंटीभाऊ म्हणाले, “अशीच आहे.”

“मंग औषधपाणी करा,” आजोबा म्हणाले आणि म्हशी घेऊन गेले.

अमरावतीत पिंपातलं पेट्रोल भरलं. वलगाव ओलांडलं, परतवाड्याकडे जाणारा रस्ता जरा मोकळा मिळाला. बंटीभाऊंनी पाय दाबला. आधी इंजिन एकदा अडखळलं, जसं घशात काही अडकावं. मग माझ्या कानात खडे सुरू झाले, आणि ते खडे राहिले नाहीत, घण पडू लागले. काय होत होतं ते मला समजत होतं: औषधाच्या चिकट अंशानं पेट्रोलची चाळणी बुजत होती, पेट्रोल कमी पोचत होतं, हवा तेवढीच जात होती, आणि आत आग नको तितकी तापत होती.

“थांबवा, बंटीभाऊ.”

“हे ट्रक मागं टाकू दे.”

“पिस्टन जाईल. थांबवा.”

“अबे चूप बस न.”

मला त्या वेळी पिस्टन दिसला नाही. शेड दिसलं. उस्तादांचं शेड, आणि हसत हसत बोललेले भाऊसाहेब. त्या गाडीचा फ्यूजचा डबा डाव्या सीटवरच्या माणसाच्या पायापाशी असतो. मी आदल्या दिवशी भीतीपोटी त्याचं झाकण ढिलं करून ठेवलं होतं. पेट्रोलच्या पंपाचा फ्यूज काढून उपयोग नव्हता. त्यानं पेट्रोल आणखी कमी होत होत इंजिन बंद झालं असतं, आणि तेच तर नको होतं. मी ट्रक मागे पडू दिला, समोरचा रस्ता रिकामा आणि सरळ आहे हे पाहिलं, आणि इंजिनच्या कॉम्प्युटरचा फ्यूज उपटला. ठिणगी आणि पेट्रोल दोन्ही एकदम बंद. स्टीअरिंग जड झालं, बंटीभाऊंनी शिव्या देत गाडी कडेला घेतली. फ्यूज माझ्या हातात बघून त्यांचा गॉगल पहिल्यांदा आपोआप खाली आला.

त्या शिव्या संपादक छापणार नाहीत. गाडी ट्रकवर चढवून अकोल्याला आणली.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊसाहेब शेडमध्ये आले. मागे बंटीभाऊ, मुनीम, जिनिंगचे हमाल, आणि कापूस विकायला आलेले पाचपन्नास शेतकरी. तमाशा कुणाला नको असतो. माळ्यावर माझी पिशवी मी भरून ठेवली होती.

“चालत्या गाडीचा फ्यूज काढला ह्यानं?” भाऊसाहेब माझ्याकडे बघत होते आणि आज हसत नव्हते. “माहा पोट्टा मेला असता. ह्याले मी पोलिसात देतो. कुठचा कोण, कोकणातून आलेला.”

बाप म्हणून ते चूक बोलत नव्हते, हे मला तेव्हाही कळत होतं.

“मी सांगतलं होतं त्याले,” उस्ताद म्हणाले. “आवाज बदलला का फ्यूज काढजो, असं मीच सांगतलं.”

उस्तादांनी मला असं काही सांगितलं नव्हतं.

“काहून सांगतलं?”

उस्तादांनी हातातला पाना खाली ठेवला. समोरच्या टपरीवरून चहाचा काचेचा ग्लास मागवला. पिंपातलं पेट्रोल त्यात थोडं घेतलं, वर माठातलं पाणी ओतलं आणि हाताच्या तळव्यानं तोंड बंद करून ग्लास हलवला. पेट्रोल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, वर-खाली वेगळे राहतात. इथं तसं झालं नाही. ग्लासात बघता बघता पांढरं शुभ्र दूध झालं.

शेडमध्ये एकही माणूस असा नव्हता, ज्याला ते दूध ओळखता येत नव्हतं. फवारणीचं औषध पंपाच्या पाण्यात टाकलं की असंच दूध होतं. ते वर्षानुवर्षं सगळ्यांच्या हातांनी झालेलं होतं. भाऊसाहेबांनी तर ते विकण्यातच आयुष्य घातलेलं. त्यांनी एकदा ग्लासाकडे पाहिलं, एकदा बंटीभाऊंकडे, आणि मग पुन्हा माझ्याकडे. मला वाटलं, गोष्ट तिथंच मिटली. इंजिन वाचलं होतं, चूक घरातलीच निघाली होती.

उस्तादांनी ग्लास उजेडात धरला आणि अगदी साध्या आवाजात म्हणाले, “चांगलं दूध झालं, भाऊसाहेब. लोकं उगाच म्हणते, तुमचं औषध बोगस आहे म्हणून.”

कुणीतरी मागे हसलं आणि लगेच खोकलं. शेतकरी जमिनीकडे बघत उभे होते, पण त्यांचे खांदे हलत होते. भाऊसाहेब आता उस्तादांकडे बघत होते. मी शेडमध्ये आहे हे ते विसरून गेले होते.

“त्या पुण्याच्या बाईले बोलावून घे,” ते शेवटी म्हणाले आणि निघून गेले.

अनघा मॅडम आल्या. एका हाताला चहा, दुसऱ्या हाताला लॅपटॉप, बाकी काही बोलणं नाही. टाकी, नळ्या, पेट्रोल सोडणारे इंजेक्टर सगळं काढून साफ केलं, मग पंपावरचं साधं एक्क्याण्णव भरलं, कारण आता गाडीला तेच खायचं होतं. त्या आकडे बदलायच्या आणि मी नळी कानात घालून ऐकायचो.

“आता?”

“तीन हजारावर थोडे खडे आहेत.”

“माझ्याकडेही तिथंच दिसतंय. अजून दोन अंश मागे घेते. आता?”

“आता नाही.”

गाडीतली ती बाई काय बोलते हेही त्यांनीच सांगितलं: जपानच्या टोल नाक्यावर लागणारं कार्ड घातलेलं नाही, अशी ती रोज तक्रार करत होती. ड्रायव्हरला हे ऐकून वाईट वाटलं. तो तरीही हात जोडत राहिला.

टर्बोचा दाब कमी झाला, टायमिंग मागं गेलं, ताकद उतरली, खडे थांबले. बंटीभाऊंनी एक चक्कर मारली आणि खूश होऊन परत आले. त्यांना फरक कळला नाही, कारण दोन गतिरोधकांच्या मध्ये गाडी ऐंशीच्या वर कधी गेलीच नव्हती. पुढे ते सगळ्यांना सांगायचे, “पुण्याहून रिमॅप करून घेतली. पावर डबल.” मी कधी दुरुस्ती केली नाही.

गाडी शेडमधून गेली आणि मुनीम आला. खाली मान घालून म्हणाला, “रऊफभाई, भाऊसाहेबाले गोडाऊन बांधाचं हाये. जागा लागते म्हणून राहिले.” इंजिनाला काही झालं तर शेड जाणार होतं. इंजिनाला काही झालं नाही. तरी शेड गेलं. तोंडी दिलेली जागा तोंडी परत घेतली, आणि तक्रार करायला कुणाकडे कागद नव्हता.

पत्रे उतरवताना मी उस्तादांना विचारलं, “दूध दाखवून झालं होतं. पुढचं ते वाक्य कशाला बोललात?”

ते नट सोडवत होते. “तू पाह्यलं नाई का? दूध झाल्यावरही त्याचं तोंड तुह्याकडंच होतं. पोराची चूक निघाली का माणूस दुसऱ्याचं पोर शोधते. मी त्याचं तोंड माह्याकडं फिरवलं.”

मग म्हणाले, “आणि खरं सांगू, बोलाची इच्छाही होती. लई वर्सांची.”

मॅडमच्या वर्कशॉपमध्ये मला नेण्याचं उस्तादांनीच त्यांच्याशी बोलून ठेवलं होतं. मला कळलं तेव्हा तिकीट काढून झालं होतं. आज मी पुण्यात लॅपटॉप लावून लोकांच्या गाड्यांची ताकद वाढवतो आणि गाडीला पचेल तशी कमीही करतो. साहेब म्हणतात मला काही जण. अजूनही नट दोनदा आवळतो. उस्तादांनी जुन्या शहरात एका बोळात दुकान मांडलंय. बोळ असा, की त्यात रिक्षाही उलटी घालावी लागते. ज्यांनी ट्रकची इंजिनं उभ्यानं उतरवली, ते आता स्टुलावर बसून स्कूटरचे प्लग साफ करतात. फोन केला की म्हणतात, “मजेत आहे बे. सावली आहे दिवसभर. जेवला का?”

उस्ताद, हा अंक तुमच्याकडे पाठवतोय, खालांकडून वाचून घ्या. मी एक ठरवलंय, आणि भित्रा माणूस ठरवतो ते उशिरा का होईना, करतो. अकोल्यात मोठ्या रस्त्याला लागून जागा घ्यायची, ट्रक सरळ आत येईल एवढ्या उंच दाराची. सात-बारावर तुमचं नाव, माझं नाही, आणि कुणा भाऊसाहेबाच्या शब्दावर तर मुळीच नाही. मग त्या जागेत उभं राहून कुणाला काय बोलायचं असेल ते खुशाल बोला.